तिसरा प्रश्न

"मैदान कोणतं?" कोवाने विचारलं.

"आपलंच. ला वायिनाचं."

"गोल किती?"

"एक-एक."

"गेल्या रविवारी आपण कोणाशी खेळलो?"

नेल गप्प झाला.

सामन्याचं एकाहत्तरावं मिनिट चालू होतं. नेल संघाचा कप्तान, बचावफळीच्या मधला माणूस. कॉर्नरच्या चेंडूसाठी त्याने उडी मारली आणि समोरच्या खेळाडूचं कपाळ त्याच्या कानशिलावर आदळलं. तो आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला होता. आता तो रेषेबाहेर चिखलात बसला होता. कोवा संघाची फिजिओ. पाचव्या श्रेणीतल्या त्यांच्या संघाकडे डॉक्टर नव्हता. कोणाच्या डोक्याला मार बसला की तीच तीन प्रश्न विचारायची. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर खेळाडू आत. एक चुकलं तरी बाहेर.

हंगामातला हा शेवटचा सामना. बरोबरी टिकली तर संघ त्याच श्रेणीत राहणार होता. हरला तर खाली, आणि मिस्टर घरी. प्रशिक्षकाला सगळे मिस्टरच म्हणत. क्लबच्या अध्यक्षांनी शुक्रवारीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

मिस्टर, म्हणजे सेल्सो, कोवाच्या मागे उभा होता. वय अठ्ठावन्न. पहिल्या श्रेणीत तो बारा हंगाम नेलच्याच जागी खेळला होता. येईल तो चेंडू डोक्यावर घ्यायचा. लोक त्याला ऐरण म्हणत. कपाळाला टाके घालून तो पुन्हा मैदानात उतरला होता, तो फोटो अजून चौकातल्या बारमध्ये लावलेला होता. खेळ सुटल्यावर त्याने आठ क्लब सांभाळले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. खेळाडूंना तो नावाने हाक मारत नसे. सगळे त्याचे वाघ. वाघा, पुढे सरक. वाघा, पाणी पी. पोरांना ते आवडायचं. संघाची नावंसुद्धा तो जाकिटाच्या खिशातल्या वहीत बघून वाचायचा. जुन्या वळणाचा माणूस, सगळं लिहून ठेवतो, असं पोरं म्हणायची.

कुंपणामागून एक म्हातारा ओरडला, "ए ऐरण, पाठव की त्याला आत. तू तर फुटक्या डोक्याने खेळायचास." आजूबाजूचे हसले.

कोवाने प्रश्न पुन्हा विचारला. नेलचे ओठ हलले, शब्द आला नाही. त्याने तिच्या खांद्यावरून मिस्टरकडे पाहिलं.

कोवाला ते दिसलं. तिने पिशवी उघडली आणि पट्टी शोधायला मान खाली घातली. पट्टी वरच होती. ती शोधत राहिली.

"मिस्टर," नेल हळूच म्हणाला, "सांगा ना."

एका संघाचं नाव. तेवढंच हवं होतं. सेल्सोने तोंड उघडलं. त्याचा हात जाकिटाच्या खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. त्याने तोंड मिटलं आणि मैदानाकडे बघत राहिला.

कोवाने मान वर केली. "बाहेर," ती म्हणाली.

राखीव बचावपटू आत गेला. शहाऐंशीव्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर आला. नेल जिथे उभा राहायचा तिथे कोणीच नव्हतं. दोन-एक. शिट्टी वाजायच्या आधीच अध्यक्ष उठून गेले. "ऐरण गंजली," म्हातारा म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत नेलला दोनदा उलटी झाली. त्याच्या उजव्या डोळ्याची बाहुली डाव्यापेक्षा मोठी दिसत होती. कोवाने रुग्णवाहिका बोलावली आणि त्याच्याबरोबर गेली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा खोलीत सेल्सो एकटाच बसला होता. मांडीवर वही होती. ती दिवसभर पावसात बाकावर राहिली होती. तो पानं एकेक करून सोडवत होता. सगळ्या पानांवर शाई पसरली होती.

कोवाने सांगितलं की कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, नेल वाचेल. डोक्यावर आणखी एक चेंडू घेतला असता तर वाचला नसता, असं सर्जन म्हणाले.

सेल्सोने मान हलवली.

ती दाराशीच उभी राहिली. "मिस्टर, मी मुद्दाम मान खाली घातली होती," ती म्हणाली. "तुम्ही त्याला सांगावं म्हणून. मलाही खाली जायचं नव्हतं. तुमच्या जागी दुसरा कोणीही बोलला असता. तुम्ही गप्प राहिलात."

सेल्सोने वही मिटली. तिच्यामागे कोणी नाही ना, हे पाहिलं.

"वाघिणी," त्याने विचारलं, "कोणाशी खेळलो होतो आपण?"