तांब्याचा आवाज

न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून नळदुरुस्तीवाले काका आंघोळीला गेले की त्यांची बायको दाराबाहेरच भाजी निवडत बसायची. अंगावर तांब्या ओतल्याचा आवाज येत राहिला की तिच्या जिवात जीव असायचा.

आज दोन तांब्यांनंतर आवाज थांबला. "अहो, ऐकताय ना?" दोन-तीन हाका मारूनही उत्तर येईना, तशी तिने दार ढकललं.

काका स्टुलावर नीट बसले होते. हातात तांब्या काठोकाठ भरलेला.

"जीव टांगणीला लावलात माझा! ओ द्यायला काय होतं हो?"



काका ओशाळून म्हणाले, "रागावू नका, बाई. हे पाणी कुठे ओतायचं असतं, तेवढं सांगता का?"