मुंगाचं कढण

"प्रिये, डोळे उघड! माझ्या हातचं घोटभर पाणी तरी घे!"

आंगणात जागेश्वरचा आवाज फाटला आणि सतरंजीभोवती बसलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. दिघोरीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतर भरणारी गावची जत्रा, तोंडावर आली होती. मंडईच्या नाटकाची तालीम यंदा त्याच्याच आंगणात चालली होती आणि नाटकात तो मरायला टेकलेल्या बायकोचा नवरा होता. बायकोचं काम करणारी नटी प्रयोगाच्या दिवशी बाहेरगावाहून येणार होती. तोवर तिच्या जागी सतरंजीवर एक उशी ठेवली होती.

उशी शकुनबाईची होती. जागेश्वरनं ती तिच्या डोक्याखालून ओढून नेली होती. "थोड्या वेळासाठी पाह्यजे," एवढंच म्हणाला होता.

शकुनबाई, त्याची खरी बायको, परवापासून आतल्या खाटेवर तापानं पडली होती. तिनं पाणी मागितलं. कोणी आलं नाही. पुन्हा मागितलं, जरा जोरानं. नेमका तेव्हाच बाहेर जागेश्वर हुंदके देत होता. खरेखुरे हुंदके. तिचा बाप गेला त्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

ती उठली. ताप उतरला नव्हता, पण आता अंगात दुसरंच काही चढलं होतं. भिंत धरत ती चुलीच्या खोलीत गेली, माठातलं पाणी उभ्यानंच प्याली आणि गॅस पेटवला.

मुंगाची डाळ गंजात शिजत घातली. लसूण ठेचला तो असा, की बत्त्याचा आवाज बाहेर जायला हवा होता. गेला नाही. डाळ शिजल्यावर ती रवीनं घोटून घोटून पातळ केली आणि वरून जिऱ्या-लसणाची फोडणी दिली. खमंग वास सुटला तशी तिला जाणवलं की कालपासून पोटात अन्नाचा कण नाही. घरात कोणी विचारलंही नव्हतं. तांदळाच्या पिठात कढतं पाणी ओतून ती मळू लागली. हात भाजत होते. तिनं ते काढले नाहीत.

शेजारची रुखमा नाक पुसत आत आली.

"अवो शकुनबाई, बाहेर येऊन पाहा तं खरं! भाऊजी काय रडवून राहिले वो! माहा पदर वला झाला."

"हो का?"

"नशीबवान आहा तुमी. इतका मायेचा माणूस कोणाच्या वाट्याले येते?"

शकुनबाईनं भाकर तव्यावर आपटली. रुखमाचं लक्ष नव्हतं. तिनं माठातून गिलास भरला. "भाऊजीचा घसा सुकला," म्हणाली आणि लगबगीनं निघून गेली.

भाकर फुगली. शकुनबाईनं ती ताटात घेतली, वाटीत कढण ओतलं आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसली. पहिला घास मोडणार तेवढ्यात जागेश्वर दारात आला. डोळे लाल, चेहऱ्यावर समाधान.

"चहा ठेव सगळ्यायले. अन् हे काय, कढण केलं? बेस केलं. घशाले असंच काही पाह्यजे होतं." तो तिच्यासमोर बसला आणि ताट आपल्याकडे ओढलं.

तिनं ताटाची कड पकडली.

"सोडा."

"काय?"

"ताट सोडा. माह्यासाठी केलं मी."

"हळू बोल ना वो. बाहेर लोक आहेत."

"आहेत ना," ती म्हणाली. "बरंच झालं."

ताट उचलून ती उभी राहिली. उंबरा ओलांडून ती आंगणात आली, बायांच्या मधून सतरंजीवर गेली, उशी बाजूला सारली आणि त्या जागी बसली. पेटी वाजवणाऱ्या मनीषचे हात थांबले. तिनं भाकरीचा तुकडा कढणात बुडवला आणि खाऊ लागली. कोणाकडे न पाहता, सावकाश. कढण लुगड्यावर सांडलं, ते तिनं पुसलं नाही.

रुखमानं पुढे होऊन तिच्या दंडाला हात लावला.

"अवो माय! बाई जळून राहिली! कवापासून हाय ताप?"

"परवापासून," शकुनबाई म्हणाली. "तुमी तालीम चालू द्या. मी काही मधात बोलत नाही."

एका बाईनं डोळ्यांवरचा पदर काढून घेतला आणि उगाच नीट केला. सगळ्यांची नजर आता दारातल्या जागेश्वरकडे होती. तो जवळ आला, वाकला आणि दातांतल्या दातांत पुटपुटला, "आत चाल. लोक पाहून राहिले."

शकुनबाईनं वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि त्याच्यासमोर धरली.

"आणखी आणा. गरम करून."

तो वाटीकडे पाहत राहिला. मग लोकांकडे. शेवटी त्यानं ती घेतली आणि आत गेला. झाकणं वाजली. काहीतरी खाली पडलं. मग बराच वेळ नुसतीच खुडबुड.

"अवो," आतून आवाज आला, "हा गॅस कोण्या बाजूनं फिरवा लागते?"

रुखमा उठू लागली. शकुनबाईनं तिचा हात धरला.

"बसा, रुखमाबाई," ती म्हणाली. "मले घाई नाही."