डावीकडचे स्क्रू
"पियानो कंपनीतून आला तसाच करून दे," हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या भामाकाकूंनी बजावलं. दुरुस्तीसाठी उघडला तर गंमतच. प्रत्येक पट्टीमागे हातोडी उचलणारा स्क्रू असतो. डावीकडचे सगळे कुणीतरी पुढे सरकवलेले, जुनी भोकं बुजवलेली. म्हणून डाव्या पट्ट्या बोट टेकताच दबत होत्या. पण फक्त डावीकडेच का? हे काम मला शिकवणाऱ्या यूट्यूबच्या गुरूंनी असलं दाखवलं नव्हतं. स्क्रू मागे नेऊ की राहू देऊ? "काकू, याला आधी कुणी हात लावलेला?" "बाबांनी. एकदा उघडून साफ केलेला." चहा देताना त्यांनी डावी मूठ उघडमिट केली. "लहानपणी पोलिओने हा हात लुळा पडलेला. बाबा म्हणाले, रडू नक्को, रोज वाजव. महिन्याभरात बोटं पळायला लागली! सगळी माझी मेहनत." मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मग, होईल ना कंपनीसारखा?" "हौ काकू. डावी बाजू कंपनीतूनच अशी आलीय."