साहेबांचा केशरी फेटा

गळ्याची आण घेऊन सांगते, ह्यातलं अक्षरन् अक्षर खरं हाय!

बावड्याच्या क्रांतीनं बाळ झाल्या झाल्या घरभर ऐकवलं हुतं, "माझ्या लेकराला कापडी लंगोटच. विकतचं डायपर उंबऱ्याच्या आत येणार न्हाय." मग पावसानं असा तळ ठोकला की दोरीवरचा एक लंगोट वाळंना. शेवटी इरेला पेटलेल्या क्रांतीनं सासऱ्यांच्या कपाटातला मऊसूत केशरी फेटा काढला, घड्या घातल्या आणि बाळाला गुंडाळला.

तेवढ्यात दारात गाड्या थांबल्या. सासऱ्यांना औंदा निवडणुकीचं तिकीट पायजे हुतं, आणि ते देणारे साहेबच चहाला आलते.

"क्रांती, कपाटातला केशरी फेटा आण गं! साहेबांना बांधायचाय."

"आणते आबा, जरा..."

"जरा काय? साहेब खोळंबल्यात की!"

म्होरं सोप्यात साहेब, मागं मोरीची भिंत. पळायचं कुठं? बाळ आपलं मूठ चोखत मजेत हसतंय. तिनं बाळानं ओला केलेला फेटा सोडवला, खसाखसा धुतला, इस्त्री फिरवून कोरडा केला आणि मान खाली घालून सोप्यात नेऊन दिला.

आबांनी झोकात बांधला. साहेबांनी डोकं चाचपलं. "लई मऊ हाय ओ. आन् ऊब बी चांगली हाय!"

तिकीट जाग्यावर पक्कं.



सगळं खरं बरं का. धुऊन इस्त्री केल्याचं तेवढं माझ्या पदरचं.