आतलं माप

बाहेरच्या टोपलीला एकसष्ट काड्या होत्या, आतल्या नरसाळ्याला त्रेचाळीस. संग्रहालयात नव्यानेच लागलेल्या नोंदणीकार मुलीने त्या दोनदा मोजल्या. मासे पकडायचा हा सापळा हजारो वर्षांपूर्वीचा, पण रचना अगदी आजच्यासारखी. नरसाळ्याचं तोंड बाहेरून नव्वद सेंटिमीटर, आतून अकरा. मासा रुंद बाजूने ऐटीत आत शिरतो आणि परतताना त्याला वाट सापडत नाही. तिला हे फार हुशारीचं वाटलं.

"मावशी, या खोलीत तुम्ही केर काढत नाही वाटतं?"

"दारातूनच काढते, बाई," झाडू टेकवून मावशी म्हणाल्या. "आधीचे साहेबही तुझ्यासारखेच, सतत मोजत बसायचे. चपला बघ, अजून आतच आहेत त्यांच्या. तू आटप लवकर, डबा निवतोय."

टेबलाखाली खरंच चपला होत्या. टेबलावर साहेबांची वही होती, पण शेवटच्या पानावर सापळ्याची मापं नव्हती. दाराची होती. बाहेरून रोज नव्वद. आतून आधी नव्वद, मग बाहत्तर, मग चाळीस.

तिला हसू आलं. तरी राहवेना. तिने मावशींकडे टेप फेकली आणि बाहेरून चौकट मोजायला लावली.

"नव्वद," मावशींनी टेप परत आत टाकली. "झालं ना समाधान? ये आता बाहेर."

तिने टेप उचलली आणि आतून लावली.

अकरा.