कालचा बांगडा

मालनताईंनी बांगड्याचा कल्ला उघडला, पार नाकापर्यंत नेला आणि म्हणाल्या, "वा! लालबुंद हा. दी चार."

लालबागच्या मच्छी मार्केटात धुरपदा कोळणीचा कोयता हवेतच राहिला. मालनताई आणि कौतुक? लग्न होऊन मुंबईत आल्यापासून या बाईने तिच्या एकूण एक माशाला नावं ठेवली होती. आणि हा बांगडा तर कालचा, मांजरीसाठी बाजूला काढलेला! बर्फात होता म्हणून वास नव्हता इतकंच. कल्ला काळा पडला होता.

"बाय, माझ्या डोक्यात काय हाय गो?" धुरपदाने विचारलं.

"केस. आणि काय असतले?"

धुरपदाच्या अंबाड्यावर पिवळीधमक वेणी होती.

"नंबर वाढलो आसतलो गो," मालनताई हसल्या. "परवापासून सगळा धुरकट दिसता. डोक्या पण ठणकता. संध्याकाळी जातंय चष्मेवाल्याकडे."

धुरपदाचा नवराही असाच हसत चष्मेवाल्याकडे गेला होता. त्याचं बीपी मोजायचं कुणाला सुचलंच नाही. एक डोळा कायमचा गेला.

तिने पाटीवर फडकं टाकलं आणि मासळीच्या हातानेच मालनताईंचं मनगट धरलं. "चष्मा गेला खड्ड्यात! आधी डॉक्टर!"

"अगो, माझे बांगडे..."

"मांजर खाईल!"

डॉक्टरांनी बीपी मोजलं. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं आणि तडक मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथे डोळ्यांत झोत टाकून पाहिलं, तर आतल्या पडद्यावर रक्त उतरलेलं.

"आजी, चष्म्याचा काही संबंध नाही. बीपी भयंकर चढलंय, ते डोळ्यांत दिसतंय," तिथली डॉक्टरीण म्हणाली. "आणखी थांबला असतात तर डोळे गेले असते. कदाचित तुम्हीसुद्धा."

मग गोळ्या सुरू झाल्या. लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं बंद. मासे घ्यायला सून रुपाली यायची. धुरपदा आधी विचारायची, "दिसतंय का गो तिला?" रुपाली म्हणायची, "अजून अंधुकच." त्या दिवशी धुरपदाचं कुणाशी भांडणसुद्धा व्हायचं नाही.

दिवाळी झाल्यावर मालनताई सुनेचा हात धरून मार्केटात आल्या. धुरपदाने चार बांगडे पुढे सरकवले आणि देवाचं नाव घेत बसली.

मालनताईंनी एक उघडला. दुसरा उघडला. तिसऱ्यावर त्यांच्या भुवया चढल्या.

"ह्यो कालचो! कल्लो बघ, काळो ठिक्कर! माका काय आंधळी समजलंस?"

"कालचाच हाय!" धुरपदा उठून उभीच राहिली. डोळे भरून आले होते, तोंड हसत होतं. "आयकलंत का गो सगळ्यांनी? माझा बांगडा कालचा हाय!"

शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हातातले बांगडे पाटीत ठेवून गुपचूप निघून गेलं.

"जा रं बाबा, जा!" धुरपदा म्हणाली आणि मालनताईंकडे वळली. "आता सांग, वेणी कंच्या रंगाची?"

"पिवळी," मालनताई म्हणाल्या. "आणि ती पण कालचीच."