शब्दन् शब्द पाठ

वक्तृत्व स्पर्धेत पहिलीतल्या श्रेयाला विषय मिळाला, 'दुसऱ्याच्या मताचा आदर'. तिचे वडील बाळासाहेब, मूळचे करमाडचे, आता सिडकोतले साहेब. त्यांनी अख्खं भाषण स्वतःच्या खणखणीत आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि पोरीला दम भरला, “हे ऐकून पाठ कर. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाय पाहिजे!”

रेकॉर्डिंग चालू असतानाच श्रेयाची आई रेवती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, “अहो, एखादं वाक्य पोरीच्या मनाचं घ्या की.” त्यावर नवऱ्यानं जे ऐकवलं, ते तिनं नेहमीसारखं गिळलं.

स्पर्धेला बाळासाहेब कडक इस्त्रीत पहिल्या रांगेत बसले. श्रेयानं हात उंचावला, “घरात लहान असो, मोठा असो, बाई असो, प्रत्येकाच्या मताला मान मिळालाच पाहिजे!” टाळ्यांचा कडकडाट झाला. बाळासाहेबांनी मान वळवून सगळ्यांकडं पाहून घेतलं.



टाळ्या थांबल्यावर श्रेयानं डोळे वटारले आणि बापाच्याच सुरात पुढचं वाक्य म्हटलं, “ए, तुझं मत इचारलं व्हय गं कुणी? गप भाकरी थाप!”